पाचव्या भागातली उघाडी

मेमरामकूक, न्यू ब्रन्सविक
४ मे

चि. सौ. ओदिल हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

राहतं घर, पायापासून धुराड्यापर्यंत. तीन होड्या, पैकी एक शेजारच्या झोएलने खडकावर घातली, त्यात होडीचा दोष नाही. देवळाच्या पायऱ्या. पाद्रीबाबांसमोर पापं कबूल करायच्या खोलीचं दार, जे करकरत नाही. आधीचं करकरायचं, आणि कोण किती वेळ आत होतं ते साऱ्या गावाला कळायचं. दोन फिडल, दुसरं पहिल्यापेक्षा चांगलं. बाबांची शवपेटी, लार्चच्या फळ्यांची, एकही खिळा न मारता. तुझ्या लग्नातलं टेबल. आणि तुझ्या सेराफीनचा पाळणा, जो मी गाडीच्या टपावर बांधून लुइझियानापर्यंत आणला आणि जो तिथे पोचेपर्यंत एका सांध्यातही हलला नव्हता.

हे सगळं या दोन हातांनी केलं आणि कोणी शिकवलं नाही. आज हा पाढा वाचायचं कारण म्हणजे पुस्तकांच्या पार्सलात तू घातलेली चिठ्ठी. दादा, तुला जमेल ना वाचायला, मोठी आहेत, असं तू लिहिलंस. जमेल ना! मी सहावीत शाळा सोडली, बये, अक्षरांनी मला सोडलं नाही. बोट ओळीवर ठेवून वाचतो, एवढंच. ‘भरतीची लेक’चे चारही भाग वाचून झाले. पाचवा तू पाठवला नव्हतास, तो मी मंक्टनच्या दुकानातून आणला. दुकानातल्या मुलीने विचारलं, नातीसाठी का. मी म्हटलं, माझ्यासाठी. आणि माझं वय नात असण्याचं दिसतं का ते नीट बघ.

खरं सांगतो, समुद्र पंधरा वर्षांच्या पोरीशी बोलतो म्हटल्यावर मी पुस्तक मिटणारच होतो. पण अकराव्या पानावर त्या इसाबोची आजी बांधासाठी गवताची ढेकळं कापते. फावडं आधी पाण्यात बुडवते, तिरकं घालते, एका दमात ओढते आणि ढेकूळ रचताना गवताची बाजू बाहेर ठेवते. ओदिल, बाबा अगदी असंच कापायचे. लिहिणाऱ्या बाईला हे कोणी सांगितलं असेल? तिथून पुढे समुद्र बोलो, गाय बोलो, मी बांधला गेलो.

आठवतं, शाळेच्या इतिहासात आपण फ्रेंच अकेडियन लोक दीड परिच्छेदाचे होतो. आले, बांध घातले, हाकलले गेले. त्यातलाही अर्धा परिच्छेद दुसऱ्याच कोणाच्या राजाबद्दल. इथे आपण पाच भाग आहोत! पोरीचं आडनाव बेलिव्हो आहे! आपलं आडनाव छापलेलं मी आजवर टेलिफोनच्या यादीत आणि थडग्यांवर पाहिलं होतं. तिसऱ्या भागात इंग्रजांचे शिपाई सगळ्यांना जहाजांवर चढवतात, तेव्हा आजी एका भरतीपुरती सवलत मागते. कशाला, तर बांधातल्या उघाडीची झडप सैल झाली आहे, ती ठोकून येते म्हणून. जमीन आता दुसऱ्याची होणार हे तिला ठाऊक आहे. तरी ठोकून येते. ते वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि छपरीत जाऊन धार असलेल्या पटाशांना परत धार लावत बसलो.

तुझा प्रश्न असा की पाचवा भाग सेराफीनला द्यावा की नाही. पोरीचं नेमकं काय चाललंय ते मात्र तू लिहीत नाहीस. लिही. पाचवा मी हळू वाचतोय, घाई करू नकोस.

क्लोव्हिसला नमस्कार. मायेत कमी करू नये. मीही करणार नाही.

तुझा दादा,
दोसिते


होमा, लुइझियाना
२० मे

ती. दादास,
ओदिलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र क्लोव्हिसला मोठ्याने वाचून दाखवलं. माझा नवरोबा म्हणतो, तुझा भाऊ स्वर्गात गेला तरी आधी दाराची बिजागरी तपासेल. फोनवर तू नुसते हुंकार देतोस, म्हणून मीही कागदच घेतला.

दादा, गेल्या ऑगस्टच्या वादळात पाणी जिन्याने वर आलं, हे तुला सांगितलं होतं. आम्ही तिघं माळ्यावर बसलो होतो हेही. सेराफीन सगळा वेळ जिन्याकडे बघत होती, हे सांगितलं नव्हतं. घर सुकलं, भिंती नव्या घातल्या, शाळा सुरू झाली, मला वाटलं पोर सावरली. नाताळात चौथा भाग आला. त्याच्यासाठी ती वर्षभर थांबली होती. आणि त्याचा शेवट तू वाचलाच आहेस. बांध फुटतो आणि ती तांबडी म्हातारी, म्हणजे त्यांचा तो समुद्र, इसाबोच्या घराचा जिना चढत येते, एकेका पोराचं नाव घेत. सेराफीनने पुस्तक मिटलं ते मिटलंच. त्यानंतर तिने कुठलंच पुस्तक उघडलेलं नाही. आणि पाऊस लागला की ती बूट घालून झोपते. आता जून येईल. आमच्याकडे जून लागला की वादळांचे दिवस, रोज आभाळाकडे बघणं आलं.

पाचवा भाग मार्चमध्ये आणला, तो फ्रिजवर टॉवेलात गुंडाळून ठेवला आहे. क्लोव्हिस म्हणतो टेबलाच्या पायाखाली सरकव, एवढा जाड आहे तर उपयोग तरी होईल. तिने तो मागितला नाही. फक्त एकदा भांडी पुसता पुसता विचारलं की शेवटी पाणी जादूने थांबतं का. जादूने थांबत असेल तर मला वाचायचंच नाही, म्हणाली, कारण आपल्या होमा गावात जादू नाही. आता यावर मी काय उत्तर देऊ? मी कोळंबी सोलणारी बाई. बांध तुला कळतो. म्हणून पुस्तकं तुझ्याकडे पाठवली. तुझ्या वाचण्यावर शंका नव्हती रे, एवढा फुगू नकोस.

काय ते तूच तिला लिही. माझं ती ऐकते आणि मान हलवते, त्याची मला जास्त भीती वाटते.

आठवण ठेवावी, पत्र धाडावे.

तुझी,
ओदिल


मेमरामकूक
९ जून

चि. सेराफीन हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईकडून तुझा प्रश्न कळला. प्रश्न चोख आहे, तेव्हा उत्तरही चोख देतो. मी पाचवा भाग संपवला. शेवटाकडे डोळ्यात लाकडाचा भुसा गेला. त्या दिवशी मी लाकूड कापत नव्हतो, पण तो विषय वेगळा. शेवट सांगणार नाही. एवढंच सांगतो की पाणी जादूने थांबत नाही. इसाबो जादू परत करते आणि उघाडी बांधते.

उघाडी म्हणजे काय ते तुम्हा दक्षिणेतल्या लोकांना सांगावं लागेल. भरतीला समुद्र आमच्या खाजणावर, म्हणजे किनाऱ्याच्या सखल खाऱ्या जमिनीवर, चढू बघतो, म्हणून मातीचा बांध. पण आतलं पावसाचं पाणी बाहेर जायला तर हवं. म्हणून बांधाच्या पोटातून लाकडी मोरी, आणि मोरीत वरून टांगलेली एक झडप, जी फक्त समुद्राकडेच उघडते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून निघून जातं. भरती आली की समुद्र आपल्याच जोराने तिला लावून घेतो. म्हणजे जितका तो जोर करतो तितकं दार घट्ट. समुद्राला स्वतःलाच दार लावायला लावणारी आपली माणसं, पोरी! तीनशे वर्षांपूर्वीची, आणि एकाच्याही हातात इंजिनियरचा कागद नव्हता.

पण तू म्हणशील, पुस्तकात काहीही टिकतं. बरोबर. कागदावर तर झोएलची होडीसुद्धा तरंगते. म्हणून मी ठरवलंय की इसाबोची उघाडी, पुस्तकात लिहिली आहे तशी, मी बांधणार. खेळण्यातली नव्हे. माझ्या आणि झोएलच्या खाजणापुढच्या बांधातला सरकारी पाइप गंजून गेलाय, त्या जागी बसवणार. लार्चचं खोड पोखरायला घेतलं आहे, खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. बाईंनी वर्णन नीट केलंय. एका ठिकाणी त्यांचा हात घसरलाय, तेवढं मी सुधारून घेतो.

टिकली तर टिकली म्हणून लिहीन. नाही टिकली तर तेही लिहीन. तोवर फ्रिजवरचं पुस्तक फ्रिजवर राहू दे, थंडच आहे.

खुशाली कळवत जा. दोन ओळी पुरेत, पण तुझ्या हातच्या.

तुझा मामा,
दोसिते


मेमरामकूक
११ जुलै

चि. सेराफीन हिस,
अनेक आशीर्वाद.

कबूल केलं होतं म्हणून लिहितो. उघाडी फसली.

सुतारकामात कसूर नव्हती. झडप मी अशी बसवली होती की कडेने पत्त्याचं पान सरकलं नसतं. गावातली निम्मी माणसं बघून गेली. पोस्टातल्या बाई म्हणाल्या की हे बांधात कशाला पुरता, दिवाणखान्यात ठेवा. पहिली भरती आली, झडप लागली, आत एक थेंब नाही. झोएलसुद्धा टोपी काढून उभा होता. त्या संध्याकाळी मी तुला पत्रही लिहायला घेतलं होतं, मोठं.

मग ओहोटी लागली, आणि झडप उघडलीच नाही. पुढच्या ओहोटीलाही नाही. वरून पाऊस. आतलं पाणी आतच तुंबलं आणि झोएलचं कापायला आलेलं गवत उभंच्या उभं बुडालं. समुद्राने नव्हे, आपल्याच पाण्याने. झोएलने टोपी परत घातली. म्हणाला, दोसिते, समुद्र थांबवलास खरा, आता मासे कुठले सोडायचे ते सांग. शेवटी दोघांनी पहारी लावून झडप उचकटली. तिची एक कड गेली.

मी यावर नीट विचार केला आहे. काम माझं चोख होतं, म्हणजे चूक पुस्तकात आहे. अशी उघाडी चालत नाही. बाई समुद्र चांगला लिहितात, आजी फारच चांगली लिहितात, पण सुतारकामात त्यांनी थाप मारली. मला याचं वाईट वाटलं, कारण मी त्यांच्यावर विश्वास टाकला होता. तू पाचवा भाग नाही वाचलास तरी चालेल.

आईला सांग, मामा ठीक आहे. राग नसावा.

दोसिते


होमा
२० जुलै

ती. मामास,
सेराफीनचा शि. सा. न.

मामा, थाप कोण मारतंय? तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. माझ्या पुस्तकाला खोटं म्हणायचं असेल तर आधी पुस्तक नीट वाच. बोट ओळीवर ठेवून वाचतोस म्हणे! मग दोनशे बाराव्या पानावर बोट कुठे गेलं होतं?

तिथे लिहिलंय की इसाबोही झडप घट्टच बसवायला निघते, आणि आजी तिच्या हातावर चापट मारते. कडेने एक बोट फट ठेव म्हणते. लाकूड पाणी पितं, फुगतं. आज जी चपखल बसेल ती उद्या अडकेल. इसाबो म्हणते की मग गळेल ना. तर आजी म्हणते, गळू दे की थोडी, दार आहे ते, बाटलीचं बूच नव्हे. अगदी असं लिहिलंय, मामा. तू ते वाचलंस आणि तुला वाटलं बाईंचा हात घसरला! ‘तेवढं सुधारून घेतो’ म्हणालास ते हेच ना? बिचाऱ्या झोएलकाकांचं गवत!

आता तुला कळलंच असेल की मी पुस्तक उघडलं. आधी फक्त ते एक पान शोधायचं होतं. पण पान शोधायला मागचं वाचावं लागलं, आणि एकदा मागचं वाचल्यावर पुढचं कोण सोडतंय. दोन दिवस लागले. बाबांनी जेवण ताटलीत वाढून खोलीत आणून दिलं, आणि येता-जाता पाणी आलं का, पाणी आलं का, असं विचारत होते. त्यांनाच जास्त उत्सुकता.

मामा, तो जिना चढण्याचा भाग मला वाटला होता तेवढा लांब नाही. चौथ्यात तो शेवट होता म्हणून लांब वाटला. पाचव्यात ती सुरुवात आहे. आणि मला वाटलं होतं मी रडले तर पाण्याच्या भीतीने रडेन. पण मी रडले ते शेवटी, इसाबो बांधावर बसते तेव्हा. उघाडी टिकते, सगळे नाचतात, आणि तिला समुद्राचं बोलणं आता ऐकूच येत नाही. तो रागावलाय की हसतोय, तिला कधीच कळणार नाही. आपल्यासारखी झाली ती. मला तिचं इतकं वाईट वाटलं आणि इतका अभिमान वाटला की मी पुस्तक पोटाशी धरून बसले. तुझा भुसा तिथेच गेला ना डोळ्यात? खरं सांग.

फट ठेव, मामा. एक बोट. आणि मग मला बोलाव. मला ती भरती येताना बघायची आहे, बांधाच्या आतल्या बाजूने.

माया आहेच, ती राहू दे. झोएलकाकांची माझ्या वतीनं माफी माग.

तुझी भाची,
सेराफीन

(याच पाकिटात)

दादा, नमस्कार. मी स्वयंपाकघरात होते. पोर तुझं पत्र मुठीत घेऊन आली, स्टुलावर चढली, फ्रिजवरचा टॉवेल फेकून दिला आणि उभ्या उभ्या पानं उलटू लागली. ओठ पुटपुटत होते, मामा चुकला, मामा चुकला. मी भेंड्यांचा रस्सा जाळला, पण हलले नाही. वाटलं, हलले तर ती मान हलवेल आणि पुस्तक परत वर ठेवेल. तू हे मुद्दाम केलंस का? खरं सांगू नकोस, मला माहीत आहे, तू मुद्दाम कधीच चुकत नाहीस. तिला पाठवते आहे. तुमच्याकडचा समुद्र तीन मजले चढतो. सांभाळ. – ओदिल


मेमरामकूक
३ सप्टेंबर

चि. सौ. ओदिल हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सेराफीन परत घरी सुखरूप पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. ती तुला सगळं सांगेलच, पण ती स्वतःबद्दल कमी सांगते. म्हणून मी लिहितो.

नवी झडप मी तयार करून ठेवली होती, पण कडा तासल्या नव्हत्या. एक बोट म्हणजे कोणाचं बोट, हा प्रश्न होता. माझं बोट म्हणजे खुंटी आहे. पुस्तकात पंधरा वर्षांच्या मुलीचं बोट आहे. मग पोर आल्यावर तिचं बोट मापाला घेतलं आणि रंधा तिच्याच हातात दिला. पहिल्या दिवशी तिने लाकूड कुरतडलं. दुसऱ्या दिवशी एक लांब, अखंड, पारदर्शक सालपट निघालं, ते तिने कानावर लटकवून झोएलला दाखवलं. झोएल म्हणाला, मामापेक्षा बरी निघालीस. सालपट खरंच चांगलं होतं. एका टोकाला जरा जाड, पण चांगलं.

पंधरा ऑगस्टला आपल्या अकेडियन सणाला भांडी वाजवत निघायच्या मिरवणुकीत तिने तुझी जुनी पातेली बडवून सगळ्या गावाचे कान किटवले. लाल-निळा-पांढरा झेंडा, पिवळा तारा, सगळं अंगावर. मी शेजारून चालत होतो. कोणी विचारलं की म्हणत होतो, भाची आहे, लुइझियानाची, सुतार आहे.

झडप दुसऱ्या दिवशी टांगली. भरती यायच्या वेळेला मी तिला बांधावर उभं राहायला सांगितलं. नको म्हणाली. ती खाली, आतल्या बाजूला, मोरीच्या तोंडाशी जाऊन बसली. मी वर. बांधाबाहेरची नदी भरतीने उलटी वाहू लागली, तांबडं पाणी चढत चढत माझ्या पायांशी आलं. म्हणजे तिच्या डोक्याच्या बरंच वर. मी खाली बघितलं तर ती बूट काढत होती. ओदिल, मी तिथून हाक मारणार होतो, पण मारली नाही. आत झडप धप्पकन लागली, ते मला पायातून कळलं. मग मोरीच्या कडेने बारीक धार आली. एका बोटाची. तिने धारेखाली हात धरला, चाखून बघितलं आणि ओरडून सांगितलं, खारट आहे, मामा, गळतंय, गळतंय! इतक्या आनंदाने गळतंय म्हणून ओरडलेलं मी कोणाला ऐकलेलं नाही.

भरती पूर्ण चढलेली होती तेव्हा ती तिथेच गवतावर आडवी झाली आणि झोपली. अनवाणी. समुद्र तिच्याहून उंच, मध्ये बाबांचा बांध आणि तिने तासलेली झडप. वर ढग आले, बारीक पाऊस पडून गेला. तिच्यावर मी माझा कोट टाकला. ती उठली नाही. ओहोटी लागली, झडप आपसूक उघडली, आतलं पाणी निघून गेलं, आणि मी तसाच बसून होतो. घर बांधलं तेव्हा, फिडल वाजलं तेव्हा, कधीही मला इतकं मोठं वाटलं नव्हतं. त्या लिहिणाऱ्या बाईंना पत्र लिहून कळवलं आहे की उघाडी चालते, पान दोनशे बारा अचूक आहे, आणि असा वाचक त्यांना दुसरा मिळणार नाही. असा म्हणजे ती. माझ्याबद्दल त्यांनी काय ते ठरवावं.

उघाडी अजून चालू आहे. दर मोठ्या भरतीला सेराफीनला दोन ओळी टाकणार, कबूल केलं आहे. तुझ्या आभाळाकडे तू लक्ष ठेव, माझ्या समुद्राकडे मी ठेवतो.

क्लोव्हिसला नमस्कार. तोही आता पहिला भाग वाचतोय असं ऐकतो. त्याला म्हणावं, अकराव्या पानावर हळू जा. जसे आहोत तसे एकमेकांचे राहू, एवढंच मागणं.

तुझा दादा,
दोसिते

ता. क. – या पुस्तकांवर टीव्ही मालिका काढणारी दोन माणसं टोरांटोहून आली होती, कोऱ्या बुटांत. माझं पत्र लिहिणाऱ्या बाईंनी त्यांना दाखवलं होतं, पत्ता पोस्टातल्या बाईंनी दिला. बांधावर उताणे पडून त्यांनी उघाडीचे फोटो काढले आणि म्हणाले, हीच हवी, चिखलासकट. मी म्हटलं, दुसरी करून देतो, लाकडाच्या भावात. तर नको, म्हणे खऱ्या भरतीचा डाग रंगवून येत नाही, आणि कडेला पोरीच्या रंध्याच्या खुणा आहेत त्याही त्यांना हव्यात. मी विचारलं, ही काढली तर संध्याकाळच्या भरतीला इथे तुमच्यापैकी कोण उभं राहणार. ते हसले, आणि आकडा दुप्पट केला. म्हणजे साठ हजार डॉलर. मी नाही म्हटलं.